एका सीटची गाडी, बावीस फेरे

एक काम करा. घरातली एक खुर्ची ओढून मोकळ्या जागी ठेवा आणि तिच्यात बसा. हातात जेवणाची ताटली धरा. ते झालं गाडीचं चाक, मोठी माणसं ज्याला स्टिअरिंग म्हणतात ते. शेजारी कुणी नाही, मागे कुणी नाही, कारण या गाडीला सीट एकच आहे. आता डोळे मिटा आणि अशी कल्पना करा, की खुर्चीखालची फरशी हळूहळू तिरकी होत चालली आहे. समोर दगड, डाव्या हाताला टेकडीची भिंत आणि उजव्या हाताला काहीच नाही. खरंच काही नाही. नुसती हवा, आणि खूप खाली घरांच्या गच्च्या.

पोटात काहीतरी हललं ना? आता ते पोट सत्तावन्न वर्षांचं करा, त्याला दोन दुखरे गुडघे जोडा आणि डोक्यावर टोपी घाला. झाले आपले आबा तयार.

आबा पाणीपुरवठा खात्यात होते. वस्तीमागच्या टेकडीवर पाण्याची टाकी आहे, आणि टाकीच्या पोटाशी एक झडप. त्या झडपेला लोखंडी चाक आहे, ताटाएवढं. ते डावीकडे फिरवलं की झडप उघडते, उजवीकडे फिरवलं की बंद होते. पूर्ण उघडायला बावीस फेरे लागतात. तुम्ही म्हणाल, एवढे फेरे कशाला, एका झटक्यात उघडून टाकायची. नाही. पाणी दिसतं मऊ, पण ते फार जड असतं. एकदम सोडलं तर ते पाइपातून मोठ्या हातोड्यासारखं धावतं आणि जिथे वळण येईल तिथे पाइप फोडून बाहेर पडतं. म्हणून आबा तीस वर्षं रोज सकाळी साडेसहाला टेकडीवर जात, चाकाला दोन्ही हात लावत आणि मोठ्याने मोजत: एक... दोन... तीन. बाविसाव्या फेऱ्याला खाली वस्तीत नळ खोकत आणि लोकांचा दिवस सुरू होई.

जगात आबा जिला भीत नसत अशी ती एकच गोष्ट. बाकी ते कुकरच्या शिट्टीला भीत, लिफ्टला भीत, अनोळखी कुत्र्याला भीत आणि ओळखीच्या कुत्र्याला जास्त भीत, कारण त्याला आपण भितो हे माहीत असतं असं त्यांचं म्हणणं होतं.

मग गुडघ्यांनी संप केला. डॉक्टरांनी चढ बंद केला. झडप उघडायला महिनाभरासाठी बदली माणूस आला, आणि आठवड्याभरात साहेबांनी आबांना बोलावलं. साहेब कधी आवाज चढवत नसत, त्यामुळे ते जास्तच भयंकर वाटत.

"आबा, बदली माणूस एक तारखेला परत जाणार," साहेब म्हणाले. "तुम्हाला वर जायला खातं एक गाडी देईल. निवड तुम्हीच करा, बसायचं तुम्हाला आहे. नाहीतर दुसरी जागा आहेच."

"कुठली, साहेब?"

"तक्रार खिडकी."

आबांच्या तोंडचं पाणी पळालं, आणि पाणीपुरवठा खात्यातल्या माणसाला ते शोभत नाही. तक्रार खिडकीच्या काचेला तोंडाच्या उंचीवर एक गोल भोक आहे. त्या भोकातून दिवसभर लोकांचा संताप आत येतो आणि आतून 'बघतो' एवढा एकच शब्द बाहेर जातो. तिथे आधी बसणाऱ्या कारकुनाला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण अजून घरात कुणी 'अहो' म्हटलं की तो खाली वाकतो.

संध्याकाळी घरात सभा भरली. कुणी बोलावली नव्हती, पण आबांचे गुडघे हा आता खासगी प्रश्न उरला नव्हता. सगळ्या इमारतीचं पाणी त्यांच्यावर अवलंबून होतं. समोरचे ड्रायव्हरकाका आले. त्यांनी आयुष्यभर ट्रक चालवला होता आणि निवृत्तीनंतर ते शेजाऱ्यांना चालवत. वरच्या मजल्यावरच्या शिलाईकाकू आल्या, गळ्यात टेप अडकवूनच. त्यांचा मजला शेवटचा, म्हणून पाणी त्यांच्याकडे सगळ्यात उशिरा पोचे आणि त्या सल्ला द्यायला सगळ्यात आधी पोचत. आबांची नऊ वर्षांची नात कोपऱ्यात बसून औषधाच्या खोक्यावरची बारीक अक्षरं वाचत होती. तिला सगळे मुंगी म्हणत. दिसेल ते वाचायचं आणि आबांबरोबर टेकडीवर जायचं, हे तिचे दोन छंद. वरची पाण्याची पातळी वहीत लिहायचं काम तिचं होतं.

"जीप घ्या," ड्रायव्हरकाका म्हणाले. "राजासारखे बसा."

"जुळ्यांमधून जाईल का जीप?" मुंगीच्या आजींनी विचारलं.

जुळे म्हणजे टेकडीच्या अर्ध्या वाटेवरचे दोन मोठे दगड. वाट त्यांच्या मधून जाते. तिथे जीप काय, लठ्ठ म्हैससुद्धा विचार करते.

"मग मोटारसायकल."

"दोन चाकांवर मी बसणार नाही," आबा म्हणाले. "आणि हँडल तर नकोच. हँडलला दोन टोकं असतात. एक इकडे ओढतं, एक तिकडे. चाक गोल असतं. मला चाक कळतं."

"म्हणजे चार चाकं हवीत, स्टिअरिंग हवं, दगडांतून जायला हवी आणि अंगानं बारीक हवी," शिलाईकाकूंनी माप घेतल्यासारखं बोटांवर मोजून सांगितलं.

"आणि सीट एकच," आबा घाईने म्हणाले. "दुसरी असली की तिच्यावर कुणीतरी बसणार. बसलं की बोलणार."

असं म्हणताना त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही, पण ड्रायव्हरकाकांनी चहाचा कप जरा जोरातच खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी शिलाईकाकू टेकडी चढून जुळ्यांचं माप घेऊन आल्या. छाती, कंबर आणि सीट, अशा तीन ठिकाणी घेतलं होतं. सगळ्यात अरुंद जागी बावन्न इंच. वहीतलं ते पान फाडून त्यांनी आबांना दिलं, खाली 'मंगळवारपर्यंत' असंही सवयीने लिहिलं होतं.

शेतीच्या यंत्रांच्या दुकानात आबा आणि मुंगी गेले. तिथे एका रांगेत चार चाकांच्या, हँडलच्या गाड्या होत्या. त्यांच्याकडे आबांनी कुत्र्याकडे बघावं तसं पाहिलं. पलीकडे दोन सीटची स्टिअरिंगवाली होती, पण ती साठ इंच रुंद. आणि अगदी टोकाला, ट्रॅक्टरच्या सावलीत, ती उभी होती. जाड दातेरी टायर, चारी बाजूंनी लोखंडी नळ्यांचा सांगाडा, आत एक सीट आणि समोर एक छोटं, गोल, काळं चाक. आबांनी चाकाला हात लावला. ते थेट झडपेच्या मापाचं होतं.

"अठ्ठेचाळीस इंच," दुकानदार म्हणाला. "दगड, चिखल, नाला, कुठेही जाते."

"एवढे पट्टे कशाला?" आबांनी विचारलं. सीटला चार पट्टे होते.

"बाहेर फेकले जाऊ नये म्हणून."

"आणि हा पिंजरा?"

"उलटली तर."

"उलटते?"

"आजवर एकाही गिऱ्हाइकाची तक्रार आली नाही."

"आली नाही, की करायला कुणी उरलं नाही?"

दुकानदार मनापासून हसला. आबा हसले नाहीत. त्यांनी खरंच विचारलं होतं. पण डोळ्यांसमोर ते काचेतलं गोल भोक आलं आणि ते म्हणाले, "हीच."

मुंगी गाडीभोवती दोनदा फिरली. मागे वाकून पाहिलं, पुढे वाकून पाहिलं.

"आबा, मी कुठे बसू?"

आबांनी चाकावरचा हात काढला. खरं तर तोवर हा विचार त्यांच्या मनात आलाच नव्हता. दुसरी सीट नको म्हणताना त्यांच्या डोळ्यांसमोर ड्रायव्हरकाका होते. परत येताना मुंगी बसच्या खिडकीतून बाहेर बघत राहिली आणि वाटेतली एकही पाटी तिने मोठ्याने वाचली नाही.

गाडी आली आणि इमारतीमागच्या मोकळ्या जागेत शिकवणी सुरू झाली. शेजारी बसायला जागा नसल्यामुळे ड्रायव्हरकाका बाजूला उभं राहून शिकवणार होते. "घाबरायचं नाही," त्यांनी सांगितलं. "भीती वाटली की गाणं म्हणायचं. मी घाटात तेच करायचो."

आबांनी पाय दाबला. गाडी निघाली, आणि आबांच्या काळजात धस्स झालं. आता नीट लक्ष द्या. तीस वर्षं ज्या हातांना एकच गोष्ट शिकवली आहे, ते हात संकटात काय करतील? आबांच्या हातांनी चाक उजवीकडे फिरवलं. आणखी फिरवलं. गाडी गोल वळली आणि ड्रायव्हरकाकांभोवती फिरू लागली.

"थांबवा की," ड्रायव्हरकाका जागच्या जागी फिरत म्हणाले.

"थांबवतोय. थांबत नाही."

"ब्रेक मारा."

"बंद करतोय ना. सात फेरे झाले."

त्या फेऱ्यांत कुठेतरी शिलाईकाकूंची वाळत घातलेली चादर पिंजऱ्याला अडकली, दोरीसकट निघाली आणि आबांच्या तोंडावर येऊन बसली. मग आबांना काहीच दिसेना, आणि जे दिसत नाही ते चालवायचं नाही एवढं त्यांच्या पायाला कळत होतं. तो आपोआप उचलला गेला. गाडी थांबली. चादरीच्या आतून एक भजन ऐकू येत होतं, अगदी बारीक आवाजात. सल्ला पाळला होता.

"यांना गाडी चालवता येते," ड्रायव्हरकाकांनी आजींना सांगितलं. "पण घाबरले की हे गाडी थांबवत नाहीत. नळ बंद करतात."

"उजवीकडे?" आजींनी विचारलं.

"उजवीकडे."

टेकडीच्या वाटेला उजवीकडे काय आहे, ते सगळ्यांना माहीत होतं. तुम्हालाही माहीत आहे.

पुढे खात्याची परीक्षा. सरकारी कामावर गाडी चालवायची तर परीक्षकाने चालकाच्या शेजारी बसून परीक्षा घ्यावी, असा नियम आहे. परीक्षक आले, किडकिडीत, काखेत फाइल. त्यांनी गाडीकडे पाहिलं, नियमाकडे पाहिलं, पुन्हा गाडीकडे पाहिलं.

"मी कुठे बसू?"

मुंगीने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. हा माणूस तिला एकदम आवडला.

परीक्षकांनी कचेरीत फोन लावला. तिकडून उत्तर आलं, की शेजारी स्टूल बांधून घ्यावं. पण स्टूल बांधलं की सीट दोन होतात, आणि दोन सीटच्या गाडीला अर्ज वेगळा, रंगही वेगळा. शिवाय स्टूल जुळ्यांमध्ये अडकणार. मांडीवर बसावं का, असं आबांनी भीतभीत विचारलं. परीक्षकांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं. शेवटी त्यांनी स्वतःच तोडगा काढला. ते गाडीपुढे दहा पावलं जाऊन पाठमोरे उभे राहिले आणि डावा हात पाठीमागे धरला, तळवा उघडा.

"मी चाललो की यायचं. मूठ मिटली की थांबायचं. मी मागे बघणार नाही, मला बघवणार नाही."

ते चालू लागले. मागे इंजिन गुरगुरलं तशी त्यांची चाल वाढली, मान खांद्यांत गेली आणि फाइल छातीशी आली. पण गाडी मात्र सरळ चालली होती, दहा पावलं राखून. मूठ मिटली, गाडी थांबली. तळवा उघडला, गाडी निघाली. आबांच्या हातांनी एकदाही उजवीकडे फिरवलं नाही. स्वतः मरू या भीतीने माणसाचे हात वेडे होतात, पण आपल्या हातून समोरचा मरेल या भीतीने पाय बरोबर ब्रेकवर जातो. हे आबांनाही तेव्हा कळलं नाही.

परीक्षकांनी घाम पुसला, 'उत्तीर्ण' असा शिक्का मारला आणि खाली बारीक अक्षरात बराच वेळ काहीतरी लिहिलं. मोठ्यांनी शिक्का वाचला आणि एकमेकांचं अभिनंदन केलं. खालचं फक्त मुंगीने वाचलं. मग तिने कागद मागून घेतला आणि आपल्या वहीत ठेवला.

महिनाअखेरीला संध्याकाळी शिलाईकाकू आल्या आणि उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"आबा, एक सांगायचं होतं. ते जुळ्यांचं माप."

"काय झालं?"

"सवयीनं ढिलाई धरली हो. कपड्याला धरतो ना आपण, घट्ट व्हायला नको म्हणून. तीन इंच."

आबांनी हिशोब केला. बावन्नातून तीन गेले, एकोणपन्नास. गाडी अठ्ठेचाळीस. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत.

"जाईल," काकू म्हणाल्या. "फक्त श्वास सोडू नका. आणि माझ्या नळाला पाणी आलं की मी गच्चीवरून ती फाटकी चादर हलवीन. तुम्हाला वर कळेल."

"आणि ती हलताना दिसली नाही तर?" आबांनी विचारलं.

"तर मी खिडकीवर येईन," काकू म्हणाल्या. त्यांनी ते धीर द्यायला म्हटलं होतं.

एक तारीख. पावणेसहाला आजींनी चारही पट्टे आवळले. "अहो, श्वास घ्या," त्या म्हणाल्या. "घेतलाय," आबा म्हणाले, "आता सोडायचा नाहीये." आजी पायथ्याशी थर्मास घेऊन उभ्या राहिल्या. गाडी निघाली. मुंगी मागून चालत निघाली. गाडीचा वेग असा होता, की तिला मधेमधे थांबावं लागत होतं.

जुळे आले. आबांनी आरसे आत दुमडले, पोट आत घेतलं, जणू पोट बाहेर असतं तर गाडी अडकली असती. डावीकडून दगडाने लोखंडाला हलकेच खाजवलं. उजवीकडूनही. आणि गाडी पलीकडे गेली.

हे जमलं, याच आनंदात घात झाला. पुढच्या वळणावर मागचं चाक एका सुट्या दगडावरून घसरलं. गाडी हातभर मागे आली. आबांच्या हातांनी कुणालाही न विचारता चाक उजवीकडे फिरवलं. अर्धा फेरा. दुसऱ्याच क्षणी पाय ब्रेकवर आदळला, इंजिन बंद पडलं आणि सगळं शांत झालं. पुढच्या उजव्या चाकाखालून एक दगड निसटला. तो पडल्याचा आवाज आबांनी ऐकायचा प्रयत्न केला. बराच वेळ आवाज आलाच नाही. मग आला, खूप खालून.

आबांची पाचावर धारण बसली. पाय ब्रेकवरून काढायचा धीर नाही, आणि पट्टे सोडायचे तर चाकावरून हात काढावा लागेल. घड्याळात सहा वीस झाले होते. खाली वस्तीत लोक नळाखाली बादल्या लावत असतील. नऊ वाजता ते खिडकीवर असतील.

"मुंगे," आबा मान न वळवता म्हणाले, "तू खाली जा. आजीला सांग."

"काय सांगू?"

"की मी खिडकीवर बसतो म्हणावं. बसेन मी."

मुंगी भिंतीच्या बाजूने गाडीजवळ आली. तिने सगळं नीट पाहिलं: पुढचं चाक, आबांचे हात, आबांचा चेहरा. तो चेहरा तिने याआधी कधी पाहिला नव्हता. तिलाही भीती वाटली. पण तिने विचारलं, "आबा, झडप आत्ता किती बंद केलीत?"

"काय?"

"किती फेरे?"

आबांनी हातांकडे पाहिलं. "अर्धा."

"मग अर्धा उघडा. उघडायचं कुठे?"

"डावीकडे," आबा म्हणाले. ते तर ते झोपेतही सांगू शकले असते. आणि त्यांच्या हातांनी तीस वर्षांच्या सवयीने, अजिबात घाई न करता, चाक डावीकडे अर्धा फेरा उघडलं. पुढची चाकं भिंतीकडे वळली.

मुंगीने वहीतून परीक्षेचा कागद काढला. "खाली शेरा आहे. वाचू? 'समोर दहा पावलांवर इसम चालत असल्यास उमेदवार वाहन चालविण्यास योग्य आहे.' इसम म्हणजे माणूस ना?"

"हो."

"मग मी आहे."

"नाही," आबा म्हणाले. "तू पुढे चालायचं नाही. काही झालं तर?"

"म्हणूनच तर होणार नाही," मुंगी म्हणाली. तुम्ही मात्र हे कधी करू नका. तुमच्या वहीत असा शिक्का मारलेला कागद नाही.

ती पुढे गेली, दहा पावलं मोजली, डावा हात पाठीमागे धरला. तळवा उघडला. आबांनी इंजिन सुरू केलं. समोर ती लहानशी पाठ आणि तो लहानसा तळवा होता. त्याच्यापलीकडे दरी आहे की नाही, हे बघायला आता आबांच्या डोळ्यांना सवडच नव्हती.

सहा एकोणतीसला गाडी टाकीपाशी पोचली. आबा पट्ट्यांतून सुटले, लंगडत झडपेपाशी गेले आणि चाकाला हात लावला. एक... दोन... तीन. मुंगीने पातळी वाचून वहीत लिहिली. बाविसाव्या फेऱ्याला पाइप गुरगुरला. दोघं कठड्याशी उभे राहून खाली बघत राहिले. पहिल्या मजल्याला पाणी आलं असेल. दुसऱ्या. मग शेवटच्या गच्चीवर एक फाटकी चादर जोरजोरात हलू लागली.

आबा पायरीवर बसले आणि बऱ्याच वेळाने त्यांनी श्वास सोडला. मग त्यांची नजर गाडीकडे गेली, आणि गाडीच्या पलीकडे वाटेकडे. जाताना जो चढ होता तो येताना उतार असतो, हे त्यांच्या तीस वर्षांत कधी एवढं लक्षात आलं नव्हतं. उतारावर दरी डावीकडे येणार होती. म्हणजे आता बंद करणं चाललं असतं, पण उघडणं चाललं नसतं. त्यांच्या डोक्यात सगळे फेरे एकमेकांत अडकले.

"गाडी राहू दे इथेच," ते म्हणाले. "आपण चालत जाऊ. हळूहळू."

"आणि उद्या?"

आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

मुंगीने वही मिटली. परीक्षेच्या कागदाला चार घड्या घालून तो खिशात ठेवला. आबांच्या टोपीवर उडालेली धूळ झटकून ती त्यांच्या डोक्यावर नीट बसवली. मग ती गाडीपुढे गेली, दहा पावलं मोजली, आणि उताराकडे तोंड करून उभी राहिली. डावा हात पाठीमागे धरला, तळवा उघडला आणि मागे अजिबात न बघता म्हणाली,

"एक."